आधी भाडेकरू, मग आपण

दुपारची भांडी आवरून रेडिओजवळ बसलेल्या, शिलाई मशीन चालवता चालवता ऐकणाऱ्या, मोबाइल कमरेला खोचून काम करणाऱ्या सगळ्यांना नमस्कार.

आम्ही बचत गटांच्या समन्वयाचं काम करतो. नांदेड शहरातले आणि आजूबाजूच्या गावांतले गट, त्यांच्या महिन्याच्या बैठका, वह्या, बँकेची कर्जं आणि हप्ते, हे आमचं रोजचं काम. इथं बोलायची वेळ आली की बहुतेक वेळा कर्ज आणि व्यवसाय हाच विषय असतो. आज मात्र घराविषयी बोलायचं आहे. गेल्या काही बैठकांत वेगवेगळ्या बायांनी एकच प्रश्न विचारला: "ताई, कर्ज काढून घर घेतलं. आत्ता लगेच राहायला जाता येत नाही. तोवर भाड्यानं द्यावं का?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला पुस्तकातून द्यावं लागणार नाही. आम्ही स्वतः त्यातून गेलोत. चुकलोत, पैसे घालवलेत, आणि मग शिकलोत. तेच आज सांगतो.

आधी एक स्पष्ट करू. सरकारी घरकुल योजनेतून मिळालेलं घर हे त्या कुटुंबानं स्वतः राहावं म्हणून मिळतं. आजचं बोलणं त्या घरांविषयी नाही. ज्यांनी स्वतःच्या पैशानं किंवा बँकेच्या कर्जानं घर घेतलं, त्यांच्यासाठी हे आहे.

तर आमची गोष्ट. आम्ही राहतो नांदेडला, तरोड्याकडं, दोन खोल्यांत, भाड्यानं. घर घेतलं ते लातूरला. लोक विचारतात, नोकरी इथं आणि घर तिथं, असं कसं? आमच्या घरच्यांचं गाव लातूर जिल्ह्यातलं. आणि आपल्याकडं लातूर पॅटर्न कुणाला सांगायला नको. दहावीचा निकाल लागला की परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, अगदी विदर्भातूनसुद्धा लेकरं लातूरला येतात. शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज, नाहीतर नीटचे क्लास. लेकीला अकरावीला तिकडं पाठवायचं हे आम्ही ती पाचवीत असतानाच ठरवलं होतं. तेव्हा खोलीभाडं भरत बसण्यापेक्षा आत्ताच छोटं घर घेऊ, तोवर भाड्यानं देऊ, भाड्यातून हप्त्याला हातभार लागेल, असा साधा हिशोब होता. अंबाजोगाई रोडच्या बाजूला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं.

बातमी गटात कळली तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यात वडील मावशी म्हणाल्या, "कामून गं? नवं घर घेतलीस आन् पयल्यांदा दुसऱ्याच्या हाती द्यायलीस? आपण दूध उतू घालायच्या आधी दुसऱ्यानं तिथं चूल पेटवायची?" सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. मावशींच्या बोलण्यात दुसरी एक भीतीही होती. त्या हळूच म्हणाल्या, "भाडेकरू एकदा घुसला की निघत नसतोय, बाई."

ही भीती उगाच नाही. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यातून आलेला. भाड्याच्या घरांसाठी आपल्याकडं १९५४ चा हैदराबादचा वेगळा कायदा होता आणि तो पुढं कितीतरी वर्षं चालू राहिला. जुन्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्यावर राहिलेली कुटुंबं मावशींनी पाहिलेली आहेत. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून तो साऱ्या राज्याला लागू झाला आणि आपला जुना कायदा गेला. या नव्या कायद्यात मावशींच्या भीतीवर उपाय आहे. पण तो कागद करणाऱ्याला मिळतो, तोंडी बोलणाऱ्याला नाही. आम्ही तोंडी बोलणाऱ्यांतले निघालो.

झालं असं. मे महिन्यात किल्ली हातात आली. जूनपासून बँकेचा हप्ता सुरू, ११,२०० रुपये. नांदेडच्या खोल्यांचं भाडं ४,५०० रुपये. शिवाय घराच्या वेळी कमी पडले म्हणून गटातून ३०,००० रुपये कर्ज घेतलेलं, त्याचा हप्ता वेगळा. घर एक महिनाही रिकामं ठेवणं परवडत नव्हतं. तेवढ्यात घरच्यांच्या ओळखीतून एक माणूस आला. म्हणाला, माझी दोन भाचरं शिकायला आहेत, आम्ही तिघं राहू. भाडं सात हजार, डिपॉझिट दहा हजार. आपलाच माणूस, कागद कशाला? महिन्याचे पैसे तो रोख द्यायचा, कधी घरच्यांना लातूरला गेल्यावर, कधी गावाकडच्या माणसाबरोबर. पावती नाही, बँकेत नोंद नाही.

दिवाळीपर्यंत ठीक चाललं. मग एक दिवस शेजारच्या काकूंचा फोन आला, "अहो, तुमच्या घरी मेस सुरू झालीय का? रोज संध्याकाळी वीस-पंचवीस पोरं डबा न्यायला येतात." आम्ही एसटीनं लातूर गाठलं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत जायचं म्हणजे अर्धा दिवस जातोच. बायांना तिकीट अर्धं झालंय एवढंच सुख. दार उघडलं तर दोन खोल्यांत आठ पोरं आणि स्वयंपाकघरात दोन मोठ्या शेगड्या. भिंती काळ्या. घराचं मीटर घरगुती वापराचं, आणि त्यावर धंदा चाललेला. घरगुती मीटरवर व्यवसाय चालवला तर महावितरण व्यावसायिक दरानं बिल लावू शकतं आणि मीटर आमच्या नावावर.

आम्ही म्हटलं, "दादा, हे असं ठरलं नव्हतं. महिनाभरात घर मोकळं करा." त्यावर तो शांतपणे म्हणाला, "आपलं तर दोन वर्षांचं बोलणं झालेलं. आन् भाडं पाच हजारच ठरलेलं, मी तर तुम्हाला जास्तच दिले."

आम्ही वकिलांकडं गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "करार कुठंय?" मग त्यांनी जे सांगितलं ते नीट ऐका, कारण आजच्या बोलण्यातलं सगळ्यात कामाचं हेच आहे.

भाडे नियंत्रण कायद्याचं ५५ वं कलम सांगतं की घर भाड्यानं किंवा लिव्ह अँड लायसन्सनं देताना करार लेखी हवा आणि त्याची सरकारदरबारी नोंदणी हवी. ही नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हेही घरमालकाला. आणि पुढची गोष्ट अशी की नोंदलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे आपण सिद्ध करायचं. म्हणजे तो म्हणाला दोन वर्षं, तर दोन वर्षं. तो म्हणाला पाच हजार, तर पाच हजार. आम्ही रोख घेतलेल्या सात हजारांचा पुरावा काय? काही नाही.

पुढचे तीन महिने त्यानं एक रुपया दिला नाही. इकडं बँकेचा हप्ता थांबत नसतो. तो भरला, आणि गटाचा हप्ता राहिला. डिसेंबरचाही राहिला, जानेवारीचाही.

मैत्रिणींनो, हे सांगताना आजही जड जातं. ज्यांनी दर महिन्याला बायांच्या वह्या तपासायच्या, थकलेल्या हप्त्यावर लाल शेरा मारायचा, त्यांचाच हप्ता थकला. जानेवारीच्या बैठकीत आम्ही खाली मान घालून बसलो होतो. भाजीचा गाडा चालवणारी आमची एक सभासद आहे. ती रागानं नाही, सरळ म्हणाली, "ताई, आमच्या वहीवर लाल मारता, तर तुमच्याबी वहीवर मारा की." आणि तिचं बरोबर होतं. गटाचा पैसा बारा जणींचा. त्यात तिचे रोजच्या गल्ल्यातून काढलेले पैसे होते. आम्ही आमच्याच हातानं आमच्या वहीवर लाल शेरा मारला, गटाच्या नियमाप्रमाणं दंड भरला, आणि फेब्रुवारीत अंगावरचं थोडं सोनं गहाण ठेवून दोन्ही हप्ते चुकते केले.

तो माणूस शेवटी मे महिन्यात गेला. त्याच्या गावच्या दोन वडीलधाऱ्यांना मध्ये घातलं, तीन महिन्यांचं २१,००० रुपये भाडं सोडून दिलं, ६,४०० रुपयांचं थकलेलं वीजबिल आम्ही भरलं, रंग आणि दुरुस्तीला ८,००० गेले. त्याच्या डिपॉझिटचे दहा हजार वजा केले तरी २५,४०० रुपये अंगावर आले. दोष त्याचा होताच. पण त्याला जागा दिली ती आमच्या आळसानं. 'आपलाच माणूस' म्हणून आम्ही जो कागद टाळला, त्याचा खर्च किती होता ते आता सांगतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सचा करार केला. त्याला मुद्रांक शुल्क लागतं पाव टक्का. कशाचा पाव टक्का? करारातलं सगळं भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून येणारी रक्कम. आमचं भाडं ७,००० रुपये, वर्षाचे ८४,०००. डिपॉझिट २०,०००, त्याचे दहा टक्के २,०००. मिळून ८६,०००. त्याचा पाव टक्का म्हणजे २१५ रुपये. नोंदणी फी महापालिकेच्या हद्दीत १,००० रुपये, खेड्यात ५००. त्यावर ऑनलाइन दस्त हाताळणीचं शुल्क आणि करून देणाऱ्याची मजुरी. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांगेत उभं राहायचीही गरज पडत नाही, आधार आणि अंगठ्याचा ठसा घेऊन घरबसल्या नोंदणी होते. एवढा खर्च आम्ही पहिल्या वर्षी वाचवला आणि २५,४०० घालवले.

इथं तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर टंकलेखन करून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली, असं पुष्कळ जणींना वाटतं. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. दोन, करार अकराच महिन्यांचा हवा असं सगळे म्हणतात. आपल्या राज्यात नोंदणी तर अकरा महिन्यांच्या कराराचीही करायचीच असते, मग अकराचा हट्ट कशाला? लिव्ह अँड लायसन्सचा करार पाच वर्षांपर्यंतही करता येतो. तीन, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्या. तीही ऑनलाइन देता येते.

या अकरा महिन्यांचं लातूरमध्ये एक वेगळंच आहे. लेकरं जूनमध्ये येतात. जूनपासून अकरा महिने धरले तर करार एप्रिलअखेर संपतो. आणि नीटची परीक्षा सहसा मेच्या पहिल्या रविवारी. म्हणजे दोन वर्षं अभ्यास केलेल्या लेकराला परीक्षेच्या आठ दिवस आधी "खोली सोड" म्हणायचं? आपल्या लेकीला कुणी असं म्हटलं तर कसं वाटेल? म्हणून आम्ही जून ते मे, बारा महिन्यांचा करार करतो. आणखी एक. अकरावी-बारावीची लेकरं अठराच्या आतली असतात. त्यांच्या सहीला कायद्यात किंमत नाही. करार आई-वडिलांपैकी कुणाशी तरीच करायचा.

आमची दुसरी भाडेकरू अशीच एक आई आहे. जिंतूरकडची. लेकाला अकरावीला घेऊन आलेली. त्याला मेसचं मानवत नाही, म्हणून घर, शेत, म्हातारी सासू सगळं मालकाच्या भरवशावर टाकून ती दोन वर्षांसाठी लातूरला राहते. लातूरमध्ये अशा कितीतरी आया आहेत. करार करणारा मुलगा म्हणाला, "यांच्या मालकांचं नाव टाकू का?" आम्ही म्हटलं, राहणार त्या, भाडं पाठवणार त्या, तर नावही त्यांचंच. कागदावर एका बाजूला आमची नावं, दुसऱ्या बाजूला त्यांचं. सही करताना त्या म्हणाल्या, "आजवर शाळेच्या दाखल्यावर आन् बचत गटात सोडून माझं नाव कुठं लागलं नव्हतं."

नावावरून आठवलं. घर आम्ही दोघांच्या नावानं घेतलं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर खरेदीच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, १ एप्रिल २०२१ पासून. जोडनाव लावल्यानं आम्हाला ती मिळाली नाही. तुमच्या घरात खरेदीचा विचार चालू असेल तर आधी हे बोलून घ्या. पण नाव उताऱ्यावर असून भागत नाही. पहिल्या वर्षी भाडं रोख यायचं आणि कुठं जायचं हे आम्हा दोघांनाही धड सांगता आलं नसतं. थोडं भावाच्या लग्नाला, थोडं गाडीच्या दुरुस्तीला. आता भाडं थेट बँकेत येतं, ज्या खात्यातून हप्ता जातो त्याच खात्यात, आणि त्याचं पासबुक बाईच्या हातात. त्यानं हिशोबही होतो आणि पुरावाही. भाडेकरूनं पावती मागितली तर ती देणं हेही घरमालकाचं काम आहे.

आता हिशोबाकडं येऊ. पुष्कळ जणी म्हणतात, भाडं सात हजार, म्हणजे हप्त्यातले सात हजार सुटले. तसं नसतं. वर्षाला ८४,००० आले असं समजू नका. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत एखादा महिना घर रिकामं राहतंच. उरले ७७,०००. घरपट्टी, रंग, नळ, मोटार धरून आमचे वर्षाला ९,००० जातात. उरले ६८,०००. बारानं भागा, महिन्याला साडेपाच हजारांच्या थोडं वर. म्हणजे ११,२०० च्या हप्त्यातला निम्मा भाड्यातून निघाला, निम्मा आपल्या पगारातून. आणि आपण राहतो तिथलं भाडं वेगळंच. हा हिशोब घर घेण्याआधी मांडा. आणि दोन महिन्यांचा हप्ता बाजूला ठेवल्याशिवाय भाड्याच्या भरवशावर कर्ज काढू नका. आम्ही ते ठेवलं असतं तर वहीवर लाल शेरा आला नसता.

भाड्याच्या उत्पन्नावर आयकराचाही विचार असतो. भरलेली घरपट्टी वजा जाते, उरलेल्यातून ३० टक्के सरळ वजा मिळतात, कर्जाच्या व्याजाचीही वजावट आहे. घरात कुणी विवरणपत्र भरत असेल तर हे लपवू नका, नीट दाखवा. कर्जाच्या कागदात घर भाड्यानं देण्याआधी बँकेला कळवायची अट आहे का तेही शाखेत विचारा. फ्लॅट असेल आणि सोसायटी असेल, तर भाड्यानं दिल्याबद्दल सोसायटी जास्तीत जास्त सेवाशुल्काच्या दहा टक्के एवढंच बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. तसा १ ऑगस्ट २००१ चा सरकारी आदेश आहे. कुणी मनाला येईल तेवढं मागत असेल तर हे सांगा.

आता मावशींच्या दुधाकडं परत येऊ. पहिला भाडेकरू गेल्यावर, दुसरी येण्याआधी, आम्ही लेकीला घेऊन आठ दिवस त्या घरात राहायला गेलो. सतरंजी, स्टोव्ह, दोन भांडी. दूध उतू घातलं. आणि त्या आठ दिवसांत जे कळलं ते वर्षभरात कळलं नव्हतं. सकाळी सहाला नळाला पाणी किती वेगानं येतं, बाथरूमचं पाणी कुठं तुंबतं, रात्री गल्लीत दिवा असतो का, स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आहे. ही ओल आदल्या पावसाळ्यातच आलेली. पण त्या माणसानं सांगितली नाही, आणि आम्ही तिथं नव्हतो. नव्या घराचे दोष राहणाऱ्यालाच दिसतात. आपण राहत नसलो की ते झाकलेले राहतात आणि मुदत निघून जाते. होय, मुदत असते. रेरा कायद्यात नोंदलेल्या प्रकल्पातलं घर असेल तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरनं तो खर्च न घेता, तीस दिवसांत, दुरुस्त करून द्यायचा असतो. आम्ही फोटो काढले, लेखी अर्ज दिला, पोच घेतली. भिंत दुरुस्त झाली. म्हणून सांगतो, भाड्यानं द्यायचंच असेल तर आधी स्वतः आठ दिवस राहा. दूधही उतू जाईल आणि घरही कळेल. आणि भाडेकरूला सांगून ठेवा, काही गळलं, फुटलं, तर लगेच फोन करा, आम्ही रागावणार नाही.

पाण्याचं तर करारातच लिहा. लातूरचं पाणी म्हटलं की २०१६ चा उन्हाळा आठवतो. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली होती. तसा उन्हाळा पुन्हा न येवो, पण बोअर आटतो तेव्हा टँकरचे पैसे कुणी द्यायचे यावरून घरमालक आणि भाडेकरूची भांडणं दर वर्षी होतात. आमच्या करारात लिहिलंय, टँकरचा खर्च निम्मा निम्मा. वीजबिल भाडेकरूनं भरायचं आणि राहायला येताना मीटरच्या आकड्याचा फोटो दोघांकडं. घरात किती माणसं राहणार, धंदा करायचा नाही, भिंतीला खिळे किती, तेही लिहिलंय.

आणि करार संपल्यावरही माणूस निघाला नाही तर? लिव्ह अँड लायसन्सचा लेखी करार असेल तर कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणं सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो. लेखी करारातल्या गोष्टी तिथं पक्का पुरावा धरतात आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांचे दुप्पट दरानं पैसे मागता येतात. मावशींना हे समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग घाबरायचं काय कारण? कागद करा म्हंजे झालं."

पण मैत्रिणींनो, दुसरी बाजूही आहे. आम्ही नांदेडला भाडेकरू आहोत. मालकीणबाई अचानक म्हणाल्या की घर सोडा, तर पोटात कसा गोळा येतो हे आम्हाला माहीत आहे. म्हणून वाद झाला तरी भाडेकरूचं पाणी बंद करायचं नाही, वीज तोडायची नाही, कुलूप लावून सामान बाहेर टाकायचं नाही. ते कायद्यात बसत नाही आणि माणुसकीतही नाही. त्या जिंतूरच्या ताईंना आम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, आमची लेक सध्या नववीत आहे, दोन वर्षांनी जूनमध्ये घर आम्हाला लागेल. त्या म्हणाल्या, "माझ्या लेकराची नीट मे महिन्यात होती की. जूनला तुमच्या लेकीनं यावं." दोघींचं ठरलं, आणि पुढच्या वर्षीच्या करारातही तीच तारीख लिहायची आहे.

तर आता बोटांवर मोजू. करंगळी: दोन महिन्यांचा हप्ता बाजूला. अनामिका: आधी आठ दिवस स्वतः राहणं. मधलं बोट: नोंदलेला करार, माणूस कितीही आपला असो. पहिलं बोट: भाडं बँकेत, पासबुक बाईकडं. अंगठा: घर आपल्याला कधी लागणार ती तारीख आधीच सांगणं. एवढी पाच बोटं सांभाळली तर नवं घर खुशाल भाड्यानं द्या.

गटाचं आमचं कर्ज गेल्या महिन्यात फिटलं. भाजीवाल्या सभासदानं स्वतःच्या हातानं आमच्या वहीवर 'पूर्ण फेड' असं लिहिलं. त्या लाल शेऱ्याचं पान मात्र आम्ही फाडलं नाही. कुणी नवीन बाई घराच्या कर्जाचं विचारायला आली की आधी ते पान दाखवतो.

चला, चुलीवर काही ठेवलं असेल तर बघा. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.